कुटुंबप्रार्थनेत कुकरची शिट्टी वाजली तर

पत्र

सप्रेम सलाम.

सहा महिन्यांपूर्वी आम्ही घरी रात्रीची कुटुंबप्रार्थना पुन्हा सुरू केली. घरात सासूबाई, मिस्टर, दहावीतला मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि मी. जेवणं आणि भांडी आवरून साडेनऊला बसतो. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, रोज एक अध्याय वाचायचा असं ठरवलं होतं, पण दुसऱ्या पुस्तकाच्या, निर्गमच्या, शेवटाकडे येऊन गाडी अडली. सासूबाई प्रार्थना करायला लागल्या की वीस मिनिटं थांबत नाहीत, एकेका नातेवाइकाचं नाव घेतात. मुलगा मोबाईल मांडीखाली धरून बसतो. मिस्टरांची एमआयडीसीत शिफ्ट असते, दुसऱ्या शिफ्टला ते घरी नसतातच. मागच्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "हे प्रभो, आता तू आमच्याशी बोल," आणि नेमकी उद्याच्या कडधान्याच्या कुकरने शिट्टी दिली. धाकटी मोठ्याने "आमेन" म्हणाली. सगळे हसले, मीसुद्धा. सासूबाई उठून गेल्या. आता येऊन बसतात, पण प्रार्थना करत नाहीत.

दुसरं, हंगामाच्या सणाला, म्हणजे पीक देवळात अर्पण करायच्या सणाला, महिला मंडळातर्फे पाच मिनिटांचा हलकाफुलका कार्यक्रम माझ्या गळ्यात पडलाय. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे ज्येष्ठ, म्हणतात, देवळात हसवाहसवी शोभत नाही, बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात तशी मनाई आहे.

आणि खरं सांगू का, मला स्वतःलाच हल्ली प्रार्थना करावीशी वाटत नाही. सगळ्यांना गोळा करून बसवते आणि माझ्याच तोंडून शब्द फुटत नाही. काय करू?

– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

आधी सासूबाईंचं बघू. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबवू नका. डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करणारं माणूस घरातल्या सगळ्यांसमोर मन उघडं करून बसलेलं असतं. तेवढ्यात हसू ऐकू आलं की ते कशाचं आलं हे त्याला दिसत नाही, आपल्याला हसले एवढंच पोचतं. म्हणून खुलासा तुम्ही आपणहून करायचा. दुपारच्या चहाला दोघीच असाल तेव्हा सरळ म्हणा, "आई, त्या दिवशी आम्हाला शिट्टीचं हसू आलं, तुमच्या प्रार्थनेचं नाही. पण तुम्हाला लागलं, ते कळतंय मला. तुम्ही प्रार्थना करत नाही तर चुकल्यासारखं वाटतं." एवढं बोलून थांबा. "पण तुम्हीही जरा आवरतं घेतलं तर..." हे वाक्य त्याच चहाला जोडलंत की आधीचं सगळं वाया जाईल. ते चार दिवसांनी बोलायचं आणि वेगळ्या वाटेने. ती वाट खाली सांगते.

धाकटीला माफी मागायला लावू नका. आजीने प्रभूला बोलायला सांगितलं, लगेच आवाज आला, तिने आमेन म्हटलं. सात वर्षांची पोर आजीची प्रार्थना शब्दन् शब्द ऐकत होती, हे सासूबाईंना आवर्जून सांगा. त्यांना त्याचा आनंद होईल.

सासूबाई पुन्हा सावरल्या की एका संध्याकाळी उत्पत्तीचा १८ वा अध्याय, ९ ते १५ वचनं वाचा. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून सारा तंबूच्या दाराआड मनातल्या मनात हसते. परमेश्वर विचारतो, सारा का हसली? ती घाबरून म्हणते, मी नाही हसले. तो म्हणतो, हसलीस. आणि एवढ्यावर ते प्रकरण मिटतं. शिक्षा नाही, वचन मागे घेणं नाही. पुढे २१ व्या अध्यायात मूल मांडीवर आल्यावर तीच सारा म्हणते की देवाने मला हसवलं. हे वाचून दाखवायचं आणि त्यावर भाष्य करायचं नाही. सासूबाई शास्त्र, म्हणजे बायबल, जाणणाऱ्या दिसतात, त्यांना सांगावं लागणार नाही.

आता वेळ आणि क्रम. तुमची अर्धी अडचण साडेनऊ या वेळेत आहे. पोटात जेवण, दिवसभराचा शीण, बसल्या जागी डोळे मिटायचे. पेंग न आली तरच नवल. प्रार्थना जेवणाआधी, आठला घ्या. भाकऱ्या झाल्या, कुकर उतरवला, गॅस बंद केला, ताटं मांडली पण अजून वाढली नाहीत, तेव्हा बसा. भुकेल्या पोटी कोणी पेंगत नाही, आणि गरम भाकरी समोर असली की बोलणं आपोआप आटोपशीर होतं. टीव्ही पूर्ण बंद करा. नुसता आवाज कमी केला तर सगळ्यांचे डोळे तिकडेच जातात.

मिस्टरांच्या शिफ्टप्रमाणे वेळ बदलत बसू नका. एका आठवड्यात आठला, पुढच्या आठवड्यात सकाळी सहाला असं केलं की महिन्याभरात प्रार्थना बंद पडते, कारण कोणाच्याच अंगवळणी काही पडत नाही. ते असोत नसोत, आठ म्हणजे आठ. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात तुम्ही घरी जे स्तोत्र वाचाल त्याचा आकडा त्यांना आधीच सांगून ठेवा. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तेच वाचायचं. सकाळी चहाला त्यावर एक वाक्य बोललं तरी पुरे.

एकूण दहा मिनिटं. त्यांची वाटणी अशी करा. पहिली दोन मिनिटं गीत: ध्रुपद आणि एकच कडवं. सगळी कडवी म्हणायचा हट्ट रविवारच्या भक्तीसाठी ठेवा. सूर खालचा धरा, काळी एकच्या आसपास. बाई एकटी गाते त्या काळी चारला सुरू केलंत तर मिस्टर आणि आवाज फुटलेला मुलगा दोघंही दुसऱ्या ओळीला गप्प होतात, आणि तुम्हाला वाटतं त्यांना रस नाही. पेटी नसली तरी अडत नाही. नारायण वामन टिळकांनी आपल्याला अभंगाच्या वळणाची भजनं दिली आहेत, ती टाळ नाहीतर नुसत्या टाळीवरही उभी राहतात.

मग दोन मिनिटं शास्त्रपाठ, सहा ते आठ वचनं, त्याहून जास्त नाही. त्यानंतर दोन मिनिटं एकच प्रश्न. मग प्रत्येकाने आभाराचं एक वाक्य. वाक्य म्हणजे खरोखर एकच वाक्य: "आज गणिताचा पेपर बरा गेला, आभार." ज्याला बोलायचं नाही त्याने "आमेन" म्हणावं, पाळी पुढे जाते. त्यानंतर दोन-तीन मिनिटं त्या दिवसाच्या नावांसाठी प्रार्थना. मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना ("हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही), तिला जेमतेम अर्धा मिनिट लागतो. आणि शेवटी आशीर्वाद.

हा आशीर्वाद सासूबाईंनी द्यायचा, रोज. गणना ६ मधली २४ ते २६ वचनं, "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो" ती. त्यांना पाठ असतीलच. घरातलं सगळ्यात मोठं माणूस नातवंडांच्या डोक्यावर हात ठेवून हे म्हणतं, त्याचं मोल पंधरा मिनिटांच्या प्रार्थनेला येणार नाही. त्यांच्याकडून काही काढून घेतलंय असंही त्यांना वाटणार नाही, कारण शेवटचा शब्द त्यांचा आहे.

नावांचं काय? एक शंभर पानी वही आणा आणि सासूबाईंसोबत बसून यादी करा. हीच ती चार दिवसांनंतरची वेगळी वाट. "आई, तुम्ही ज्यांच्यासाठी प्रार्थना करता ती सगळी नावं मला लिहून घ्यायची आहेत, एकही राहायला नको." बेचाळीस नावं निघाली तर सोमवार ते शनिवार रोज सात. सोमवारी माहेरचे, मंगळवारी मुंबईकडचे, बुधवारी आजारी, गुरुवारी परीक्षा आणि नोकऱ्या, शुक्रवारी ज्यांच्याशी बोलणं तुटलंय ते, शनिवारी शेजारीपाजारी. रविवार मंडळीचा, पाळकसाहेबांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) आणि त्यांच्या घरच्यांचा. पाळकसाहेब सगळ्यांसाठी प्रार्थना करतात, त्यांच्यासाठी घराघरात किती होते हा प्रश्नच आहे. वहीत उजवीकडे एक रकाना रिकामा ठेवा. उत्तर मिळालं की सासूबाईंनी स्वतःच्या हाताने तिथे तारीख घालायची. आणि त्यांची सविस्तर, सगळी नावं घेणारी प्रार्थना थांबवूच नका. ती पहाटेची, त्यांच्या खोलीतली. मत्तय ६ मध्ये प्रभूने दार लावून करायला सांगितलेली प्रार्थना ती हीच. लगेच पुढच्या वचनात पुष्कळ बोलल्याने ऐकलं जातं असं समजू नका, असंही तो सांगतो. पण हे वचन सुनेने सासूला दाखवायचं नसतं.

वसईकडच्या कॅथलिक घरांकडून इथे एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांच्याकडे संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, पिढ्यान् पिढ्या टिकते, कारण कोणालाही शब्द शोधावे लागत नाहीत. मण्यांचे पाच गट, प्रत्येकात दहा वेळा "नमो मरिया" ही प्रार्थना, शब्द ठरलेले. थकलेला बापही म्हणू शकतो आणि पाचवीतली पोरगीही पुढे होऊन म्हणू शकते. आपल्याला ठरलेल्या प्रार्थनेचा उगाच संकोच वाटतो. पाठ असलेलं मनापासून म्हणता येतं.

आता काय वाचायचं. उत्पत्तीपासून सुरू केलेली कुटुंबं तुम्ही अडलात तिथेच अडतात. निर्गम २५ पासून निवासमंडपाची मापं लागतात: पडदे, फळ्या, कड्या, आकडे, किती हात लांब, किती हात रुंद. पुढे लेवीय. तो भाग मोलाचा आहे, पण समजावून देणारं कोणी सोबत असेल तेव्हाचा. वर्षात पूर्ण शास्त्र वाचायचं तर ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीनहून जास्त. चार दिवस चुकले की तेरा अध्याय अंगावर. अशी थकबाकी साचली की लोक प्रार्थनेला बसायलाच टाळतात. म्हणून कुटुंबात एक नियम करा: चुकलेला दिवस सोडून द्यायचा, भरून काढायचा नाही.

सुरुवात स्तोत्र १२० ते १३४ अशी करा. ही पंधरा आरोहण स्तोत्रं. वर यरुशलेमेला सणासाठी जाणारे यात्रेकरू ती म्हणत असं मानलं जातं, म्हणजे ती मुळात कुटुंबाने चालता चालता म्हणायची. बहुतेक सगळी तीन ते नऊ वचनांची आहेत. एकटं १३२ वं अठरा वचनांचं, ते दोन दिवसांत वाटा. म्हणजे एकूण सोळा दिवस. १२८ मध्ये मेजाभोवती बसलेली मुलं आहेत, १३१ मध्ये आईच्या कुशीत निवांत झालेलं दूध सुटलेलं बाळ. १३३ येईल पंधराव्या दिवशी. त्यात भावंडांनी एकत्र राहणं किती चांगलं याला उपमा दिली आहे ती अहरोनाच्या दाढीवरून खाली अंगरख्याच्या काठापर्यंत ओघळणाऱ्या तेलाची. धाकटी इथे नक्की हसणार. हसू द्या. आजीलाही कदाचित हसू येईल.

स्तोत्रं संपली की मार्कचं शुभवर्तमान. सोळा अध्याय आहेत. रोज सात-आठ वचनं घेतली की साधारण तीन महिने. छापील प्रतीत परिच्छेदांना मथळे असतात, एक मथळा म्हणजे एक दिवस असं धरलंत तरी चालेल. स्तोत्रं पवित्र शास्त्राच्या जुन्या वळणाच्या भाषेतच वाचा, त्यांची लय कानात बसते. शुभवर्तमानासाठी मुलीला कळेल असं सोपं भाषांतर घ्यायला संकोच करू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतरात घातली ती साध्यासुध्या बायकांना शास्त्र कळावं म्हणूनच.

दहावीतल्या मुलाला उपदेश नको, काम द्या. वाचन त्याचं आणि घड्याळ त्याचं. मोबाईल काढून घेण्याची लढाई लढू नका. सगळ्यांचे मोबाईल, तुमचा आणि मिस्टरांचाही, फ्रिजवर ठेवायचे आणि एकच छापील शास्त्र हातोहात फिरवायचं. मोबाईलवर वाचायला गेलं की वाचता वाचता वर मेसेज येतो आणि वाचणाऱ्याची जीभ अडखळते, हे तुम्ही रविवारीही पाहिलं असेल. मोठ्याने प्रार्थना करायची सक्ती त्याच्यावर नको. त्या वयात स्वतःचाच आवाज परका वाटतो. आणि तो दोन मिनिटांचा प्रश्न "यातून तू काय शिकलास?" असा कधीही विचारू नका. त्याला एकच उत्तर असतं, सगळ्यांना पाठ असलेलं, आणि त्यानंतर शांतता. विचारायचं, "यात तुला काय विचित्र वाटलं?" किंवा "इथे तू असतास तर काय केलं असतंस?" उत्तर चुकीचं आलं तरी लगेच दुरुस्त करू नका.

तिसऱ्या आठवड्यात सगळं ढिलं पडेल. तुमचं चुकलं म्हणून नव्हे, नव्याची नवलाई तेव्हाच ओसरते. त्या आठवड्यात गीत आणि प्रश्न गाळा. शास्त्रपाठ, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद, तीन मिनिटांत जेवायला. पण बसा. पाहुणे आले असतील तर त्यांना "आमची दहा मिनिटांची प्रार्थना असते, बसता का?" एवढं विचारा. ख्रिस्ती नसतील तर आग्रह नको, चहा देऊन आतल्या खोलीत उरकून घ्या.

मध्येच हसू फुटलं तर? दाबायला जाऊ नका. शांत बसायचं असताना दाबलेलं हसू दुप्पट होऊन येतं, आणि "गप्प बसा" म्हटलं की तिप्पट. अर्धा मिनिट सगळ्यांनी हसून घ्यावं, मग मोठ्यांपैकी एकाने "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू करावं. सगळ्यांना पाठ असलेले शब्द सुरू झाले की आवाज जुळतात आणि हसू आपसूक विरतं. जो प्रार्थना करत होता त्याला पुढे "चालू ठेवा" म्हणू नका, त्याला ते फार जड जातं.

हंगामाच्या सणाकडे वळू. त्या वडिलांचा मान ठेवूनच सांगते, इफिसकरांस पत्र ५:४ मध्ये मनाई आहे ती अमंगळ बोलण्याला, बाष्कळपणाला आणि टवाळीला. ती मनाई पाळायचीच, आणि तुमच्या कार्यक्रमाची गाळणी म्हणून वापरायची. पण उपदेशकाच्या ३ ऱ्या अध्यायात हसण्याचा समय सांगितलाय, आणि १२६ व्या स्तोत्रात बंदिवासातून परतलेल्यांचं तोंड हसण्याने भरलंय. मराठी ख्रिस्ती घरांना हसण्याचं वावडं कधीच नव्हतं. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणींत टिळकांच्या लहरींपासून स्वतःच्या सोवळ्यापर्यंत सगळ्यावर किती मोकळं हसून घेतलंय, आणि त्यांच्या विश्वासाला त्याने कुठे उणेपणा आला? त्या वडिलांना भेटून हे सांगा आणि लिहिलेला कागद त्यांनाच आधी वाचून दाखवा. आधी विचारलं की पुष्कळांचा विरोध मावळतो.

जागा आणि वेळ नीट निवडा. संदेश (प्रवचन) आणि प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) यांच्यामध्ये नको. आशीर्वादानंतर, अंगणातल्या मांडवात, अर्पणाच्या वस्तूंच्या लिलावाच्या आधी. लिलावानंतर ठेवलंत तर लोक हातातली कोंबडी नाहीतर भोपळा सांभाळत घरी निघालेले असतात. पाच मिनिटं म्हणजे हाताने लिहिलेली दोन पानं. घड्याळ लावून मोठ्याने दोनदा वाचा. माइक तोंडापासून चार बोटं. "आता मी तुम्हाला एक विनोद सांगते" असं जाहीर करू नका, तसं म्हटलं की लोक हसायचं की नाही ते ठरवायला बसतात. लोक हसले की थांबा, हसणं पूर्ण खाली येऊ द्या, मग पुढचं वाक्य. नाहीतर मागे बसलेल्या आजींना पुढचं काहीच ऐकू जात नाही.

विषय शास्त्रातला आणि आपल्या सगळ्यांच्या सवयींचा घ्या. काही नमुने देते, तुमच्या मंडळीप्रमाणे बदला.

जक्कय ठेंगणा होता, गर्दीमुळे त्याला प्रभू दिसेना, म्हणून उंबरावर चढला. आमच्या मंडळीत आला असता तर चढावं लागलं नसतं. पुढचे तीन बाक त्याच्यासाठी दर रविवारी रिकामे असतात.

त्रोवस गावात प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत चाललं. खिडकीत बसलेला युतुख झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं, तो जिवंत निघाला, आणि पौल वर येऊन पुन्हा उजाडेपर्यंत बोलत राहिला. आपले पाळकसाहेब पाऊण तासात आटोपतात आणि आपलं देऊळ तळमजल्यावर आहे. दोन्हींबद्दल प्रभूची स्तुती असो.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला. तिथे शिष्य होते, वऱ्हाडी होते, भोजनकारभारी होता. पण संपल्याचं येशूला सांगितलं कोणी? मरीयेने. घरात काय संपलंय ते आधी बाईच्याच लक्षात येतं.

आणि लिलावाचं: बाजारात वीस रुपयांची मेथीची जुडी इथे दोनशेला जाते, घेणारा ती पुन्हा अर्पण करतो, ती पुन्हा विकली जाते. तिसऱ्यांदा घेणाऱ्याला पुण्य पूर्ण मिळतं, भाजी मात्र सुकलेली.

पावसाची प्रार्थना आणि छत्रीचा विनोद सोडा, तो सगळ्यांना पाठ आहे. स्वर्गाच्या दारातल्या पेत्राचे विनोदही नकोत; मोबाईलवरून आलेले असले किस्से परक्या मंडळ्यांतले असतात आणि आपल्या मांडवात पडून जातात. कोणाची प्रार्थना, कोणाचं अर्पण, गायनातला कोणाचा आवाज, कोणाचं मूलबाळ नसणं, कोणाचं उशिरा विश्वासात येणं, गावाकडची बोली, यांतलं काहीही नको. शेजारच्या पेंटेकॉस्टल मंडळीच्या टाळ्या आणि कॅथलिकांच्या मेणबत्त्याही नकोत. त्यांचे सोयरे तुमच्याच मांडवात बसलेले असतील. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांना हातच लावू नका. ज्या घरात या वर्षी दुःख झालंय ते घर समोर बसलंय असं धरूनच प्रत्येक ओळ तपासा, कारण ते खरंच बसलेलं असतं.

पाळकसाहेबांच्या पाऊण तासाची ओळ त्यांना आधी दाखवा. ते हसले तर ठेवा, नुसते "चालेल" म्हणाले तर काढा.

आता तुमचं. पत्रात तुम्ही हे शेवटी, घाईने लिहिलंय, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं तेच आहे. तुम्ही सगळ्यांना बसवता, गीत काढता, सासूबाईंची मनःस्थिती बघता, कुकर बघता. त्यात तुमची स्वतःची प्रार्थना व्हायला जागाच उरलेली नाही. म्हणून पुढचा महिनाभर कुटुंबप्रार्थनेत तुम्ही फक्त बसायचं. गीत मिस्टर नाहीतर मुलगी काढेल, वाचन मुलगा करेल, आशीर्वाद सासूबाई देतील. तुमच्याकडे फक्त आमेन.

स्वतःसाठी लहान प्रार्थना ठेवा. बुडू लागल्यावर येशूचा शिष्य पेत्र याने केलेली प्रार्थना तीन शब्दांची आहे: "प्रभुजी, मला वाचवा." देवाकडे दया मागणाऱ्या जकातदाराची त्याहून फार मोठी नाही. पीठ मळताना, बस येईपर्यंत, टाकी भरेपर्यंत एवढंच म्हणता येतं. तेही जमत नसेल त्या दिवसासाठी रोमकरांस पत्र ८:२६ आहे. आपण कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो. स्तोत्र १३ उघडा, पहिल्या दोन वचनांत देवाला चार वेळा "कोठवर" असं विचारलंय. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरीही ते देवाच्या लोकांच्या गीतपुस्तकात आहे. कोरडं मन घेऊन देवापुढे बसणं चालतं, इतरांनी ते करून ठेवलंय.

संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली बसून मरण मागतो, तो १ राजे १९ वा अध्यायही वाचा. देवदूत त्याला आधी काय देतो? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत परत उठवून परत खायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर, खूप पुढे. म्हणून विचारते, तुम्ही शेवटच्या कधी सहा-सात तास सलग झोपलात? सगळ्यांचं झाल्यावर उभ्याने जेवता का? आठवड्यातून एका दुपारी दार लावून निजा आणि घरात तसं सांगूनच निजा. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कारण नसताना रडू येत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. तापासाठी जातो तसंच जायचं. त्याने विश्वास कमी ठरत नाही. पाळकीणबाई विश्वासाच्या असतील तर त्यांना सोबत न्या.

सुरुवात या सोमवारी करा, आठ वाजता, गॅस बंद करून. स्तोत्र १२०, सात वचनं आहेत. वाचायला मुलाला सांगा, आणि त्याला आकडा आदल्या दिवशीच देऊन ठेवा, म्हणजे तो एकदा नजर घालून घेईल.